चिखलबोडीची खुर्ची

१

त्या बुधवारी दुपारी चिखलबोडीच्या शाळेत पोरं नव्हती. होती ती एक खुर्ची, वर्गाच्या मधोमध, आणि तिच्याभोवती कुणीतरी ओढलेलं राखेचं रिंगण. दाराशी सगळं गाव जमलं होतं, पण आलेल्या बाईला घोटभर पाणी द्यावं असं एकाच्याही मनात येत नव्हतं.

बाई म्हणजे शिक्षण विस्तार अधिकारी सुलोचनाबाई. अड्याळच्या फाट्यावर एसटीतून उतरून शेतांच्या धुऱ्याधुऱ्यांनी चिखल तुडवत आलेल्या. धानाच्या रोवणीचे दिवस, वाटेत पाण्यानं भरलेल्या एका बांधीत पाय गेला आणि चपलेचा अंगठा तुटला. ती चप्पल हातात धरून त्या वर्गात शिरल्या, तेव्हा मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सुलोचनाबाईंचा स्वभाव मुळातच मिरचीचा. त्यात हे हसू.

"हीच का ती खुर्ची?"

"हीच जी," सरपंच दादाजी म्हणाले. धोतराचा सोगा खांद्यावर टाकलेला, सुपारी गालात. "सोमवारी सकाळी वासुदेव मास्तर हिच्यावर बसले अन् बोंबलतच उठले. बाही वर केली तं हातावर हे एवढाले फोड. पोरायनं पाहालं, आमी भी पाहालं. कोनंतरी खुर्चीच्या हातायले बिबा चोळून ठेवला होता."

बिबा सुलोचनाबाईंना ठाऊक होता तो ऐकून. जंगलातलं काळं फळ, त्याच्या तेलानं कातडी उतते, फोड येतात, एवढंच. सिहोऱ्याच्या व्यापाऱ्याची ही मुलगी, लहानपणीच नागपूरच्या वसतिगृहात गेलेली. तिच्या वाट्याला बिबा आला तो तान्ह्या बाळाच्या गळ्यात दृष्टीसाठी बांधलेला, तोही लांबून पाहिलेला.

"शाळेची किल्ली कुणाकडे असते?"

दारात कुजबुज झाली. उत्तर दादाजींनीच दिलं. "सुखरामजवळ. दुसरा मास्तर. आमच्याच गावचा."

सुखराम हे नाव सुलोचनाबाईंच्या पिशवीत आधीच होतं. मॅट्रिक झालेला, प्रशिक्षण न घेतलेला हंगामी शिक्षक. नोकरीत असलेल्यांसाठी अध्यापक विद्यालयात ज्या थोड्या जागा सरकारनं ठेवल्या होत्या, त्यातली एक यंदा त्याला मिळाली होती. उद्या, गुरुवारी, भंडाऱ्याला हजर व्हायची शेवटची तारीख. त्याच्यावर चौकशी चालू असेल तर जागा पुढच्याला जाणार. सोडायचा की रोखायचा, हे सुलोचनाबाईंच्या सहीवर होतं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बसायला कुणी साधं पोतंही टाकलं नव्हतं. अधिकाऱ्यानं काय एका पायावर उभं राहून चौकशी करायची? त्यांनी तडातडा राखेचं रिंगण ओलांडलं आणि सरळ त्या खुर्चीत बसून दोन्ही हात तिच्या हातांवर टेकवले.

"ओ बाई!" गर्दीतून एक बाई ओरडली.

ती दादाजींची बायको, गोदावरीबाई. दादाजींनी मान वळवून तिच्याकडे एकदाच पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"काय झालं?"

"काई नाही जी," ती पदराआडून म्हणाली. "धूळ हाय खुर्चीले."

सुलोचनाबाई बसून राहिल्या. आग नाही, खाज नाही, काही नाही. गाव मात्र त्यांच्याकडे श्वास धरून बघत होतं.

२

"पुसलीय," त्या उठता उठता म्हणाल्या. "कुणीतरी खुर्ची पुसून काढलीय. सोमवारनंतर किल्ली कुणाकडे होती?"

"सोमवारी मास्तरजवळच. मंगळवारी सुखराम भंडाऱ्याहून आला अन् घेऊन गेला," दादाजी म्हणाले, आणि सुपारीचा चोथा बाहेर थुंकले.

म्हणजे पुराव्याचा कारभारही सुखरामच्याच हाती. सुलोचनाबाईंनी मनात खूणगाठ बांधली आणि जखमी माणसाला बघायला निघाल्या.

वासुदेवराव दादाजींच्याच ओसरीवरच्या खोलीत राहत. मूळचे नगरकडचे, प्रशिक्षित, पाच वर्षांत तिसरं गाव. ते खाटेवर पडले होते. पांढरं स्वच्छ धोतर, पायांचे तळवे लोण्यासारखे मऊ, खाटेखाली पॉलिश केलेले बूट. डावा हात त्यांनी उशीवर ठेवला होता. मनगटापासून कोपरापर्यंत, घड्याळाची तबकडी असते त्या केसाळ बाजूला, फोडांची रांगच होती. बघवत नव्हतं.

"बसलो, हात टेकवला, आणि त्याच क्षणी आगीचा डोंब," ते म्हणाले. "बाही सरकवतो तर हे! तिसरीची पोरं रडायला लागली."

"संशय?"

"किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्यावर. शनिवारी शाळा त्यानं बंद केली. रविवारी किल्ली इथं ओसरीवर ठेवून भंडाऱ्याला पळाला, दाखला काढायला म्हणे. मी पोरांदेखत त्याला अनट्रेन म्हणत असे. खरं तेच म्हणत होतो. पण या लोकांना खरं सोसत नाही."

"पोलिसात देता?"

"छे छे!" वासुदेवराव घाईघाईनं उठून बसले. "कुणाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? माझी एवढीच विनंती, इथं जिवाला धोका आहे, मला तुमसरला किंवा भंडाऱ्याला हलवा. अर्ज लिहून ठेवलाय."

अर्ज खरंच तयार होता, अक्षर मोत्यासारखं. माणूस मोठ्या मनाचा, असं सुलोचनाबाईंना वाटलं. चार वर्षांत चिखलबोडीत चार प्रशिक्षित मास्तर पाठवले आणि चारही पळाले. वरचे साहेब विचारत, तुमच्या तालुक्यात मास्तर टिकत का नाहीत? कसे टिकतील, जिथं मास्तराच्या खुर्चीला गाव बिबा लावतं! त्यांचा संताप टाळूला पोचला. सुखरामला आता त्या सोडणार नव्हत्या.

३

सुखराम स्वतःच्या अंगणात उभा होता. तिशीचा, काटक, पोटऱ्यांपर्यंत रोवणीचा चिखल. दारात लोखंडी पेटी बांधून ठेवलेली. त्यानं नमस्कार केला, पण मान काही वाकवली नाही.

"मी कायले करीन जी असं?" त्यानंच सुरुवात केली. "उद्या मले भंडाऱ्याले हजर व्हायचं हाय. दहा वर्सं वाट पाहाली. ज्याची उद्या गाडी हाय, तो आज आपल्याच हातानं रुळ उखडते का?"

"मास्तर तुम्हाला अनट्रेन म्हणायचे."

"म्हणत. राग येये. पण म्हूनच तं शिकाले जाऊन राहिलो, का मंग कोनी म्हणू नये."

"मंगळवारी खुर्ची पुसलीत?"

"खुर्चीले मी हातच नाही लावला. कुलूप पाहालं अन् आलो. मी होतो कुठं सोमवारी? शनिवारी मास्तर खुर्चीवर बसले, सोमवारी बिबा उतला. मधात कोन आलं, कोन गेलं, मी काय सांगू?"

"शनिवारी नाही. सोम..."

दादाजींना मोठा खोकला आला. खोकला थांबेपर्यंत घरातून सुखरामची बायको पुष्पाबाई बाहेर आली होती. हातात विळा, डोळे लाल.

"इचारून इचारून काय इचारता जी?" ती सुलोचनाबाईंवर धावूनच आली. "तुमचं सरकार कोनाले राहू देते? शिकलेला पाठवता तो पळते, अन् आमचा राहाते त्याले तुमीच नेता! नाही जात तो. लिहा तुमच्या कागदात, सुखराम नाही जात!"

"पुष्पे, आत जा," सुखराम म्हणाला.

"बिबा कोनी लावला मले माहीत नाही. पण लावला म्हून त्याचं जाणं थांबत असन, तं चांगलं झालं!"

सुलोचनाबाई थक्क होऊन बघत राहिल्या. नवऱ्यावर बालंट आलेली बायको पाया पडते, छाती पिटते, शपथा घेते. ही म्हणते चांगलं झालं! आणि सुखरामच्या चेहऱ्यावर, इतक्या वेळात पहिल्यांदाच, भीती दिसली. त्यानं बायकोकडे असं पाहिलं की सुलोचनाबाईंना वाटलं, याचा संशय हिच्यावरच आहे, आणि तो हिला पाठीशी घालतोय.

"बिबा घरात आहे तुमच्या?" त्यांनी विचारलं.

पुष्पाबाईनं आत जाऊन एक टोपली आणली आणि त्यांच्या पायाशी आपटली. टोपलीत काळे बिबे होते.

४

शेवटची गाडी केव्हाच गेली होती. सुलोचनाबाईंना दादाजींच्याच घरी मुक्काम करावा लागला. दिवेलागणीला गोदावरीबाईनं भात आणि वरण वाढलं, आणि ताटाशेजारी सुक्या खोबऱ्याचा एक तुकडा ठेवला.

"हे कशाला?"

"चावा जी, अन् हातायले चोळा. चांगलं राहाते."

सुलोचनाबाईंनी तुकडा बाजूला सारला. दिवसभर पाणी न विचारणाऱ्या गावानं रात्री खोबरं द्यावं, यात त्यांना नुसता ढोंगीपणा दिसला. "पुष्पाबाईच्या घरात टोपलीभर बिबे सापडले," त्या दादाजींना म्हणाल्या.

"कोनाच्या घरी नाहीत?" गोदावरीबाईच बोलली. "रोवणीत पाय कुजतात, टाचा फाटतात. बिबा गरम करून लावतो आमी. मास्तरनं मागच्या हप्त्यात टाचेले मांगला, तं त्यायले भी मीच..."

"वाढ त्यायले," दादाजी करड्या आवाजात म्हणाले.

ती वाढायला लागली. सुलोचनाबाई दमलेल्या होत्या, आणि दमलेल्या अधिकाऱ्याला निकाल लागून मोकळं व्हायची घाई असते. त्यांनी ते बोलणं वरणाबरोबर गिळून टाकलं.

"दादाजी, खरं सांगा. सुखराम माणूस कसा?"

"सोनं हाय," दादाजी ताबडतोब म्हणाले. "तुमचे चार शिकलेले आले अन् पानी पिऊन गेले. पोरायले वाचता आलं ते सुखरामच्यानं. पोरगी न्हाती झाली का घरी बसवतो आमी. तो घरोघरी जाऊन भांडते, पाय धरते, अन् पोरी शाळेत नेते. त्यानं बिबा लावला का नाही, मी काय सांगू? पण त्याले नोकरीवरून काढू नका. नुसतं ते टिरेनिंग रद्द करा. तेवढी शिक्षा लय झाली."

ही माया की राजकारण, हे सुलोचनाबाईंना उमजेना. गुन्हेगाराला सोनं म्हणायचं आणि शिक्षाही आपणच सुचवायची! पण त्यांनी फार खोलात न जाता कंदिलाशी बसून अहवाल लिहिला. सुखरामवर संशयाला जागा आहे, सबब त्यास प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करू नये. सही तेवढी सकाळवर ठेवली. त्या सहीनं सुखरामची दहा वर्षं पाण्यात जाणार होती.

५

सकाळी सही करायला पेन उचललं आणि त्या ओरडल्या.

दोन्ही हातांना, कोपराच्या खाली, टेकतो त्या बाजूला, आग लागली होती. कातडी लालबुंद, आणि तिच्यावर पाण्यानं भरलेले फोड.

पहिला विचार आला तो असा की रात्री कुणीतरी अंथरुणात बिबा ओतला. या गावाची तेवढी हिंमत! त्या तशाच तणतणत परसात गेल्या. गोदावरीबाई चुलीला फुंकर घालत होती. तिनं हात पाहिले आणि तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य उमटलं नाही.

"म्हून तं म्हटलं होतं, खोबरं चोळा," ती हळूच म्हणाली.

सुलोचनाबाई जागच्या जागी थांबल्या.

खोबरं रात्री दिलं होतं. म्हणजे आज फोड येणार हे या बाईला काल रात्रीच माहीत होतं. काल रात्री कुणी काही ओतलं नव्हतं. काल दुपारी मात्र त्या खुर्चीत बसल्या होत्या, आणि ही बाई ओरडली होती. खुर्ची कुणीही पुसली नव्हती. बिबा तिथंच होता, काळ्या लाकडावर काळा.

"मी बसले तेव्हा काहीच झालं नाही," त्या स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या.

"तवा कुठून होईन? बिबा का इस्तू हाय, हात लावला अन् भाजलं? त्याले रात जावी लागते जी. आज लागला तं उद्या उतते."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

गोदावरीबाईनं फुंकणी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं की कशानं कोण जाणे.

"मलेच कायले? गावात दुधपित्या लेकराले सोडून साऱ्यायलेच माहीत हाय."

६

सुलोचनाबाईंनी दवंडी दिल्यासारखं गाव शाळेत गोळा केलं. खुर्चीच्या एका अंगाला वासुदेवराव, दुसऱ्या अंगाला सुखराम. दोघांच्या मध्ये त्या स्वतः, दोन्ही हात पुढे धरून.

"हे नीट बघा. काल दुपारी बसले, आज सकाळी उतलं. गोदावरीबाई म्हणतात, बिबा रात्र घेतो. सुखराम, बरोबर?"

"हो जी. लेकरू भी सांगन."

"वासुदेवराव, तुम्ही सोमवारी किती वेळानं ओरडलात?"

वासुदेवरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. "वेळ... लगेच. माझी कातडी नाजूक आहे."

"इतकी नाजूक की बसायच्या आधीच फोड तयार? आणि तुमचा हात दाखवा. वर करू नका, टेकवा. तसाच, खुर्चीच्या हातावर."

ते टेकवेनात. सुलोचनाबाईंनीच त्यांचं मनगट धरून हात खुर्चीवर पालथा ठेवला. फोडांची रांग वर आकाशाकडे बघत होती. लाकडाला टेकलेली बाजू साफ, गुळगुळीत.

"खुर्चीनं उतलेला हात हा माझा. खालच्या बाजूनं. तुमच्या हाताला बिबा वरून लावलाय, निवांत, खाटेवर बसून. रविवारी लावलात. वाटलं असेल लगेच उतेल. नाही उतला. सोमवारी पहाटे फोड बघितले आणि ते दाखवायची घाई झाली, म्हणून शाळा उघडून खुर्चीला उरलेला चोळलात आणि पोरं आल्यावर किंचाळलात. टाचेसाठी बिबा मागितलात ना गोदावरीबाईंकडे? चिखलात पाय न घालणाऱ्या, पॉलिशचे बूट घालणाऱ्या माणसाच्या टाचेला भेग कुठली? मऊ तळवे मी काल स्वतः पाहिलेत."

"मला इथून जायचं होतं," वासुदेवराव अखेर पुटपुटले. मग एकदम आवाज चढला. "पाच वर्षं! तीन गावं! बायको तिकडे, मी इकडे. अर्ज करकरून हात झिजला. जिवाला धोका असल्याशिवाय बदली होत नाही म्हणता, मग धोका दाखवला!"

"दुसऱ्याच्या जिवावर दाखवलात."

एवढं कपट उघडं पडलं तरी कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. हेच सुलोचनाबाईंना सकाळपासून छळत होतं. त्या वासुदेवरावांकडे पाठ करून गावाकडे वळल्या.

"या माणसाचं समजलं. आता तुमचं सांगा. हे बाहेरचे, यांना बिबा कळत नाही. मी अर्धी बाहेरची, मला कळला नाही. पण तुम्ही? सोमवारी मास्तर खोटं बोलतोय हे तुम्हाला त्याच क्षणी कळलं. सुखराम निर्दोष आहे हे दादाजी, तुम्हाला सोमवारीच माहीत होतं. आणि सोनं म्हणता त्या माणसावर बालंट येऊ दिलंत! मी खुर्चीत बसले तरी तोंड उघडलं नाही, कारण उघडलं तर मला बिबा कळला असता. काहून?"

रागाच्या भरात त्यांच्या तोंडून गावचाच शब्द निघाला.

दादाजींनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "करडी गावचा एक पोरगा असाच गेल्ता टिरेनिंगले," ते म्हणाले. "शिकून आला, तं त्याले फेकलं पार देवरीच्या जंगलात. करडीले मास्तर नाही आजवर. सुखराम गेला का परत येते थोडाच? मास्तरले बदली पाहिजे होती, आमाले सुखराम. आमी म्हटलं, बोलू द्या त्याले खोटं. त्याची बदली होईन, सुखरामचं टिरेनिंग बुडन, अन् दोघंही जिथल्या तिथं लागतीन."

सुखराम भिंतीला टेकला होता. त्याचा चेहरा मेल्यासारखा झाला होता.

सुलोचनाबाईंना वाटलं ओरडावं. पण जे सांगायचं होतं ते इतकं कडू होतं की आवाज चढवायची गरजच नव्हती.

"दादाजी, तालुक्याला आदेश आलाय. शाळेच्या वर्षअखेरपर्यंत जो शिकायला गेला नाही, त्या प्रत्येक अप्रशिक्षिताला घरी बसवायचं. मी काल ती सही केली असती, तर चैतात सुखरामची नोकरी संपली असती. तुम्ही त्याला ठेवून घेत नव्हता. तुम्ही त्याला बुडवत होता."

मागे एक म्हातारा मट्कन खाली बसला.

"हे कोनी सांगतलंच नाही आमाले," दादाजी म्हणाले. सरपंचाचा सगळा तोरा त्या एका वाक्यात उतरला होता.

"तुम्ही मला पाणी विचारलं असतं, तर मीही सांगितलं असतं," सुलोचनाबाई म्हणाल्या. रात्रीचा अहवाल त्यांनी सगळ्यांसमोर फाडला. पण फाडताना त्यांनाही आपली लाज वाटली, कारण लिहिला होता त्यांनीच.

७

सुखरामची पेटी फाट्यापर्यंत पुष्पाबाईनं डोक्यावर नेली. तो घ्यायला गेला तर तिनं त्याचा हात झटकला. मागून दादाजी आणि चार माणसं येत होती, वाटभर एकच गोष्ट मागत.

"बाई, एवढं बोला. शिकल्यावर त्याले इथंच देतीन ना?"

"माझ्या हातात नाही ते."

"मंग तो वासुदेव तरी घेऊन जा."

"तेही नाही. चौकशी होईल, पगारवाढ थांबेल, पण बदली आता विसरा. सुखराम शिकून येईपर्यंत चिखलबोडीला तोच. प्रशिक्षित आहे."

दादाजींनी हात जोडले, मग सोडले, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. सुलोचनाबाईंना त्यांची दया आली नाही. थोडी येऊ लागली तेव्हा हातांना झोंबलं आणि ती गेली.

गाडी लांब वळणावर दिसली. सुखराम बायकोकडे वळला.

"शनिवारी बसले, सोमवारी उतलं. हे मले तूच सांगतलं होतं, पुष्पे."

"हो."

"सोमवारी बसले, तवाच फोड होते, असं सांगतलं असतं तं मी त्याच घडीले सुटलो असतो. मी तं तुलेच वाचवून राहिलो होतो, येडा. मले वाटलं, तूनंच लावला."

पुष्पाबाईनं पेटी खाली ठेवली. "माह्या हातून ते झालं नसतं. गप राहाणं झालं," ती म्हणाली. "मी तोंडानं म्हटलं असतं, जाऊ नको, तं राहाला असता?"

गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

"नाही," तो म्हणाला.

"म्हून."

त्यानं कमरेच्या करदोट्यातून शाळेची किल्ली सोडली आणि तिच्या हातात दिली. मास्तरकडे देऊ नको, रोज सकाळी तूच जाऊन उघड, आणि पोरी आल्या का ते मोज, असं सांगितलं. तिनं किल्ली पदराला बांधली. परत कधी येशील हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

गाडी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली. सुखराम खिडकीशी बसला होता, पण मागे बघत नव्हता. सुलोचनाबाई त्याच्या शेजारच्या बाकावर. निघताना गोदावरीबाईनं त्यांच्या पिशवीत घाईघाईनं काहीतरी कोंबलं होतं. त्यांनी ते काढलं. कालचाच खोबऱ्याचा तुकडा होता, कागदात गुंडाळलेला. हात आता असह्य पेटले होते. त्यांनी तुकडा चावला आणि फोडांवर चोळायला घेतला.

सुखरामनं मान वळवून पाहिलं.

"आज लावून काई उपेग नाही, बाई," तो म्हणाला. "काल लावाले पाहिजे होतं."